नागपूरच्या उन्हात विजेची दुचाकी: घेताना आणि सांभाळताना

विजेवर चालणाऱ्या दुचाकीची चौकशी बहुतेक जण शोरूममध्ये जाऊन करतात आणि तिथे वेग, रंग, मोबाइलची जोडणी आणि महिन्याचा हप्ता यांवरच बोलणे होते. नागपूरकराने मात्र ही चौकशी आपल्या घरच्या पार्किंगपासून सुरू करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. गाडी दुपारी बारा ते चार या वेळात कुठे उभी राहणार आणि तिला वीज कुठून मिळणार, या दोन प्रश्नांची उत्तरे हाती आली की कोणती गाडी घ्यायची हे निम्मे ठरून जाते. या गाडीतला सर्वांत महाग भाग बॅटरी असतो आणि लिथियम बॅटरीला लवकर म्हातारी करणारी सर्वांत मोठी गोष्ट उष्णता असते. ज्या शहरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, भरदुपारी रस्ते ओस पडतात, त्या शहरात पुण्या-मुंबईच्या अनुभवावरून दिलेला सल्ला जसाच्या तसा चालत नाही.

आधी जागा, मग गाडी

स्वतंत्र घर असेल तर गाडीसाठी पूर्वेकडची किंवा उत्तरेकडची भिंत निवडावी, कारण पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता सोडत राहते. वर टिनाचे शेड असेल आणि बाजू बंद असतील, तर त्याखालची हवा बाहेरच्या हवेपेक्षाही गरम होते, म्हणून अशा शेडपेक्षा कडुलिंबाची सावली किंवा चारही बाजूंनी वारा खेळेल अशी ताणलेली हिरवी जाळी अधिक उपयोगाची ठरते. फ्लॅट स्कीममध्ये राहणाऱ्यांना इमारतीखालच्या पार्किंगची सावली आयती मिळते, पण तिथे अडचण विजेची असते. चार्जिंगचा पॉइंट आपल्याच मीटरवरून घ्यावा आणि त्यासाठी सोसायटीकडे लेखी अर्ज करून लेखी संमती घ्यावी, म्हणजे पुढे विजेच्या बिलावरून वाद होत नाही. पॉइंट जिन्याखाली किंवा लिफ्टच्या तोंडाशी मात्र कदापि नको, कारण दुर्दैवाने आग लागलीच तर लोकांना बाहेर पडण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे.

वायरिंगवर होणारा खर्च ही काटकसर करण्याची जागा नाही. स्कूटरचा घरगुती चार्जर साधारण ७०० ते ९०० वॅटचा असतो. त्याला लागणारा प्रवाह फार मोठा नसला तरी तो सलग चार-पाच तास वाहतो, आणि एवढा वेळ चालणारा भार जुन्या, सैल झालेल्या पाच अँपिअरच्या सॉकेटला झेपत नाही. अशा ठिकाणी महिनाभर चार्जिंग केल्यावर प्लग काढून पाहावा: पितळी पिन एका बाजूने तपकिरी पडलेली असते, सॉकेटच्या छिद्राभोवतीचे पांढरे प्लास्टिक पिवळसर होऊन किंचित फुगलेले असते आणि जवळ नाक नेल्यास जळका वास येतो. एवढी खूण दिसली की तो सॉकेट त्याच दिवशी बदलला पाहिजे. १६ अँपिअरचा सॉकेट, भार वाढला की आपोआप बंद होणारा स्वतंत्र एमसीबी, विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, मीटरपासून तांब्याची जाड वायर आणि तपासून घेतलेले अर्थिंग, एवढे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून लोंबकळत आणलेला एक्स्टेन्शन बोर्ड आपल्याकडे जागोजागी दिसतो. पहिल्या पावसातच तो जिवावर बेतू शकतो.

पार्किंगमध्ये पॉइंट मिळण्याची शक्यताच नसेल, तर बॅटरी काढता येणारी गाडी घ्यावी. एक बॅटरी साधारण दहा-बारा किलोची असते, त्यामुळे ती रोज उचलून वर नेणारी व्यक्ती घरात आहे का, याचा विचार आधी करावा. घरात तिची जागा स्वयंपाकघरात, पलंगाशेजारी किंवा कूलरच्या तुषारांसमोर नसावी. हवेशीर खोलीत, फरशीवर, पडद्यांपासून आणि कागदांपासून लांब ठेवून, घरात माणसे जागी असतानाच ती चार्ज करावी.

रोजच्या अंतराचे गणित

नागपूर सपाट आहे आणि ही या गाड्यांसाठी मोठी सोय आहे. सेमिनरी हिल्सचा चढ आणि उड्डाणपूल सोडले तर मोटरची खरी कसोटी पाहणारे रस्ते इथे थोडेच आहेत. गणित चुकते ते वेगामुळे आणि मागे बसलेल्या माणसामुळे.

शहरात एकट्याने मध्यम वेगात चालवल्यास स्कूटरला किलोमीटरमागे साधारण ३० वॅट-तास वीज लागते, तर वर्धा रोडवर दोघांनी साठच्या वेगाने जाताना हाच आकडा ४० च्या घरात जातो. समजा बॅटरी ३ किलोवॅट-तासांची, म्हणजे ३००० वॅट-तासांची आहे. शहरात ती १०० किलोमीटर देईल, हमरस्त्यावर ७५. त्यातला पाचवा हिस्सा राखीव ठेवला तर हमरस्त्यावर हाती उरतात ६०, आणि काही वर्षांनी बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर आली की ४८. आता बेसा ते सीताबर्डी जाऊन-येऊन सुमारे वीस किलोमीटर करणाऱ्याला ही बॅटरी गरजेपेक्षा मोठीच आहे, पण सीताबर्डीहून बुटीबोरीला नोकरीसाठी जाणाऱ्याची रोजची फेरी साठ किलोमीटरच्या आसपास होते, म्हणजे पहिल्या वर्षी जमलेला प्रवास चौथ्या वर्षी वाटेतच थांबेल. अशा माणसाने मोठी बॅटरी घ्यावी किंवा कारखान्यात चार्जिंगची परवानगी आधी मिळवावी. जाहिरातीतली प्रमाणित रेंज प्रयोगशाळेतली असते. तिच्या ७० ते ७५ टक्के अंतरच प्रत्यक्षात मिळेल असे धरून चालावे.

खर्चाचा हिशेबही इथेच करून टाकू. रोज वीस किलोमीटर आणि महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ५२० किलोमीटर होतात. चार्जरमध्ये वाया जाणारी वीज मिळवून त्यासाठी मीटरवर १८ ते २० युनिट, म्हणजे तेवढे किलोवॅट-तास, पडतात. युनिटला बारा रुपये धरले तरी महिन्याला अडीचशेच्या आत काम भागते. लिटरला ४५ किलोमीटर देणारी पेट्रोलची गाडी याच अंतराला साडेअकरा लिटर पेट्रोल पिते. फक्त महावितरणचे घरगुती दर वापरानुसार चढत जातात, त्यामुळे उन्हाळ्यात कूलर आणि एसीमुळे आधीच वरच्या टप्प्यात गेलेल्या घराला गाडीचे युनिट महागातल्या दराने पडतात, हे लक्षात असू द्यावे.

बॅटरीचा प्रकार विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत

सध्या प्रामुख्याने दोन प्रकारच्या लिथियम बॅटऱ्या मिळतात. एनएमसी म्हणजे निकेल, मँगनीज आणि कोबाल्टची बॅटरी हलकी असते आणि कमी जागेत जास्त वीज साठवते. एलएफपी म्हणजे लोह आणि फॉस्फेटची बॅटरी तेवढ्याच विजेसाठी जड असते, पण तिची चार्जिंगची आवर्तने जास्त असतात, उष्णता ती अधिक सोसते आणि भडकून पेटण्याचा धोका तिच्यात कमी असतो. दोन्ही गाड्या इतर बाबतींत सारख्या वाटत असतील, तर नागपूरच्या माणसाने एलएफपीकडे झुकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. थोडी रेंज कमी पडली तरी चालते, कारण शहरातले अंतर मुळात मोठे नाही, आणि ऊन मात्र दरवर्षी येणारच आहे. स्वस्त, कमी वेगाच्या काही गाड्यांत अजूनही लेड-ॲसिड बॅटऱ्या देतात. त्या जड असतात, लवकर बसतात आणि दीड-दोन वर्षांत त्या बदलाव्या लागल्या की सुरुवातीची बचत निघून जाते.

२०२२ च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी विजेच्या स्कूटरींना आगी लागल्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-१५६ हे मानक कडक करण्यात आले आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. म्हणून जुनी गाडी विकत घेताना ती त्याआधी बनलेली असेल, तर मोह टाळलेला बरा. वापरलेल्या गाडीत किलोमीटरपेक्षा बॅटरीची उरलेली क्षमता महत्त्वाची असते, आणि ती अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून लेखी काढून घेता येते. विक्रेता त्याला तयार नसेल तर व्यवहार तिथेच थांबवावा.

वॉरंटीचे वर्ष किती, यापेक्षा तिच्यातली अट वाचावी. क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली की बॅटरी बदलून मिळेल, हा आकडा छापलेला असला पाहिजे. ७० टक्क्यांची हमी देणारी आठ वर्षांची वॉरंटी काही कंपन्या जास्तीचे पैसे घेऊन देतात आणि आपल्या हवामानात ते पैसे मला सार्थकी लागलेले वाटतात. नुसता ‘उत्पादनातील दोष’ एवढाच शब्द असेल, तर उन्हाने उतरलेल्या क्षमतेबद्दल कुणी दाद देणार नाही.

चाचणीची फेरी सकाळच्या गारव्यात घेऊ नये. जमल्यास एप्रिल-मेमध्ये दुपारी तीनच्या सुमारास, मागे एका मोठ्या माणसाला बसवून सेमिनरी हिल्सचा चढ चढून पाहावा. तापलेली गाडी स्वतःच्या बचावासाठी जोर कमी करते, आणि तो किती कमी होतो हे तेव्हाच कळते. शोरूममधून निघाल्यावर आणखी एक काम करावे: त्याच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या दारात सकाळी अर्धा तास थांबून, गाडी दुरुस्तीला घेऊन आलेल्यांना सुटा भाग मिळायला किती दिवस लागले ते विचारावे. विक्री करणाऱ्याच्या तोंडून हे कधी कळत नाही.

कागदपत्रे आणि नियम

मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत असेल, तरच गाडीला नोंदणी आणि चालकाला परवाना लागत नाही. ‘लायसन्स लागत नाही’ असे सांगून विकलेली गाडी ताशी चाळीसने पळत असेल, तर तिच्या वेगाचे बंधन काढलेले आहे हे समजावे. अशा गाडीचा अपघात झाला तर विमा नाही, नोंदणी नाही आणि भरपाईची सगळी जबाबदारी मालकावर येते. मुलांच्या हाती ती देणाऱ्या पालकांनी हे फार गांभीर्याने घ्यावे. बाकी सर्व गाड्यांना हिरवी नंबरप्लेट, नोंदणी, विमा आणि परवाना लागतो, आणि हेल्मेट दोघांनाही. पत्त्यानुसार शहराचे एमएच ३१, पूर्व नागपूरचे एमएच ४९ किंवा ग्रामीणचे एमएच ४० कार्यालय येते. ही कामे विक्रेता करतो, पण नोंदणीवरचा मोटरचा आणि चासीचा क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी आपण स्वतः ताडून पाहावा.

अनुदानावर निर्णय अवलंबून ठेवू नये. पीएम ई-ड्राइव्ह योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा दुचाकीला बॅटरीच्या दर किलोवॅट-तासामागे ५,००० रुपये मिळत होते आणि पुढच्याच आर्थिक वर्षात ते २,५०० वर आले. अनुदान असेल तर ते बिलातूनच वजा झालेले दिसले पाहिजे. ‘नंतर खात्यात येईल’ हे तोंडी आश्वासन स्वीकारू नये. विमा घेताना झीज न धरणारा, म्हणजे झिरो डेप्रिसिएशनचा पर्याय घ्यावा आणि पाण्यामुळे बॅटरीचे नुकसान झाल्यास संरक्षण आहे का, हे पॉलिसीत वाचून घ्यावे.

उन्हाळ्याचे चार महिने

मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत पाळायची शिस्त हाच या लेखाचा गाभा आहे. बॅटरीला दोन गोष्टी एकत्र सोसत नाहीत: पूर्ण भरलेली अवस्था आणि तापलेली हवा. रात्रभर चार्जिंगला लावून १०० टक्के केलेली गाडी सकाळी नऊला कार्यालयाबाहेर उघड्यावर लावली आणि ती संध्याकाळी सहापर्यंत तशीच उभी राहिली, की बॅटरीच्या आतली रासायनिक झीज सर्वांत वेगाने होते. म्हणून रोजच्या वापरासाठी ८० टक्क्यांपर्यंतच भरावी, २० च्या खाली उतरू देऊ नये, आणि लांबचा प्रवास असेल त्याच दिवशी निघण्याच्या थोडे आधी पूर्ण करावी. एलएफपी बॅटरीत मात्र उरलेल्या चार्जचा अंदाज चुकत जातो, म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या अंतराने, सहसा आठवड्या-पंधरवड्यातून एकदा, ती पूर्ण भरावी लागते. त्यासाठी ढगाळ किंवा घरी राहण्याचा दिवस निवडावा.

पार्किंगमध्ये चार्ज होणाऱ्या गाडीसाठी चार्जिंगची वेळ पहाटेची असावी. मे महिन्यात नागपूरची संध्याकाळ थंड नसते. पार्किंगची फरशी आणि भिंती रात्री अकरापर्यंत ऊब टाकत असतात, आणि त्याच वेळी घरोघरी कूलर-एसी सुरू असल्याने विजेचा दाबही उतरतो. पहाटे चार ते सहा ही दिवसातली सर्वांत थंड वेळ असते, आणि ४० टक्क्यांवरून ८० वर नेण्यासाठी साधारण चार्जरला दोन तास पुरतात. बहुतेक नव्या गाड्यांच्या ॲपमध्ये चार्जिंगची वेळ लावता येते. ती सोय नसेल तर १६ अँपिअरचा, दर्जाची खूण असलेला टायमर लावावा.

बाहेरून आल्या-आल्या प्लग लावू नये. बॅटरी आतून गरम असते आणि वरून हात लावून ते कळत नाही, म्हणून किमान पाऊण तास सावलीत थांबू द्यावे. दुपारी गाडीने ‘तापमान जास्त’ असे दाखवून चार्जिंग नाकारले तर तो बिघाड नसतो, बॅटरी सांभाळणारी यंत्रणा आपले काम करत असते. अशा वेळी तिच्यावर पाणी ओतणे, ओले फडके टाकणे किंवा चार्जर पुन्हा पुन्हा काढून लावणे यांतले काहीही करू नये.

उघड्यावर लावण्याशिवाय गत्यंतर नसेल तर फिक्या रंगाचे सुती आच्छादन टाकावे आणि ते खालून मोकळे ठेवावे. काळ्या प्लास्टिकच्या आच्छादनाखाली हवा कोंडते आणि फायद्याऐवजी तोटा होतो. सिमेंटच्या रस्त्यावर किंवा पेव्हर ब्लॉकवर उभी गाडी खालूनही तापते, त्यामुळे झाडाखालची मातीची जागा दहा पावले लांब असली तरी तिथे जावे. टायरमधली हवा पहाटे, टायर थंड असताना तपासावी. दुपारी तपासल्यास आकडा फुगलेला दिसतो आणि आपण हवा कमी करून बसतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर गावी जाणार असाल तर बॅटरी ५० ते ६० टक्क्यांवर ठेवून जावे आणि चार्जर लावून ठेवू नये. काढता येणारी बॅटरी असेल तर ती घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावी.

आता धोक्याच्या खुणा. बॅटरीचा डबा फुगलेला दिसणे, गोडसर रसायनासारखा वास, सळसळ किंवा फुसफुस आवाज, पांढरा धूर, यांपैकी काहीही जाणवले तर गाडी वाचवण्याचा प्रयत्न करू नये. सुरक्षितपणे शक्य असेल तर मेन स्विच बंद करावा, माणसे लांब न्यावीत आणि १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे. हा धूर विषारी असतो, आणि विझल्यासारखी वाटलेली लिथियम बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, हे आलेल्या जवानांनाही गाडी विजेची आहे असे सांगून आठवण करून द्यावी.

पावसाळा

नागपूरच्या बऱ्याच वस्त्यांत सिमेंट रस्त्यांची उंची घरांच्या अंगणापेक्षा वाढली आहे आणि पाणी सरळ पार्किंगमध्ये उतरते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत उभी असलेली असंख्य वाहने पाण्याखाली गेली, ही घटना शहर विसरलेले नाही. पुस्तिकेत आयपी ६७ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास तो भाग टिकतो एवढाच आहे, तोही नवा असताना आणि स्वच्छ पाण्यात. गाळाच्या पाण्यात रात्रभर बुडालेल्या गाडीला तो लागू होत नाही.

म्हणून पाणी चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर गाडी घालू नये. बुडालेली गाडी सुरू करून पाहू नये, चार्जर तर मुळीच लावू नये. फोटो काढून विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे, गाडी इमारतीपासून दूर मोकळ्या जागी ढकलत न्यावी आणि सर्व्हिस सेंटरच्या वाहनाची वाट पाहावी. एरवी धुताना बादली आणि फडके पुरे. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने पाणी जोडण्यांच्या रबरी कडांतून आत शिरते. चार्जिंगचे तोंड ओले असेल तर कोरड्या कापडाने पुसून, वाळल्यावरच प्लग लावावा.

बाकीची देखभाल

इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, एअर फिल्टर यांची कटकट नाही, त्यामुळे अनेक जण सर्व्हिसिंगच टाळतात आणि तिथे चुकतात. मोटरच वेग कमी करत असल्याने ब्रेक कमी वापरले जातात आणि पावसाळ्यात डिस्कवर गंज चढतो. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट दाबून ते स्वच्छ ठेवावेत. सुरुवातीचा जोर जास्त असल्याने मागचा टायर पेट्रोलच्या गाडीपेक्षा लवकर झिजतो. बेल्ट किंवा साखळी, हँडलचे बेअरिंग आणि सस्पेन्शन वेळेवर तपासून घ्यावे. काही गाड्यांत दिवे आणि हॉर्नसाठी वेगळी १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही.

पॅडल मारत चालवायची ई-सायकल घेणाऱ्यांना वरचे बहुतेक नियम तसेच लागू आहेत, फक्त तिची बॅटरी छोटी, काढता येणारी आणि घरात नेण्याजोगी असते. गुडघ्यांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना फुटाळा तलावावरची सकाळची फेरी किंवा बाजाररहाट करण्यासाठी ती फार चांगली. तिचे ब्रेक मात्र साध्या सायकलपेक्षा वारंवार तपासावेत, कारण वजन आणि वेग दोन्ही जास्त असतात.

बॅटरी उतरली की

क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली म्हणजे बॅटरी निकामी झाली असे नाही. अंतर कमी असेल तर ती आणखी काही वर्षे चालते. बदलायचीच झाली तर मूळ कंपनीचीच घ्यावी. गल्लीतल्या दुकानात जुने सेल जोडून दिलेली बॅटरी स्वस्त मिळते, पण तिच्यातले सेल एकसारखे नसतात आणि संरक्षक यंत्रणा बहुधा नावालाच असते. जुनी बॅटरी कबाडीवाल्याला विकू नये. तो तिचा डबा हातोडीने फोडतो आणि त्यात त्याच्या जिवाला धोका असतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांच्यावर योग्य प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून ती अधिकृत विक्रेत्याकडेच जमा करावी, तिचा क्रमांक लिहिलेली पोचपावती घ्यावी आणि ती गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी.